ओल्या गोणपाटातली नळी

२४ ऑगस्ट, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. लेव्हलची नळी अठरा मीटर. नळीतले बुडबुडे शून्य.

फरशीकाम करणाऱ्या मिस्त्रींची सारी पत त्या शून्यावर उभी होती. पारदर्शक नळीत पाणी भरायचे आणि तिची दोन टोके समोरासमोरच्या भिंतींशी उभी धरायची. दोन्हीकडे पाणी जिथे स्थिरावेल ती एकच पातळी. परंतु मध्ये कुठे हवेचा बुडबुडा अडकला, की दोन टोके एकमेकांशी खोटे बोलू लागतात. वरून पाणी ओतले तर हवा आत शिरतेच. म्हणून मिस्त्री नळीचे एक टोक पिंपाच्या तळाशी सोडत, दुसरे तोंडात धरत आणि एका दमात पाणी ओढून घेत. पाणी ओठांपाशी पोचले की पहिला घोट थुंकून टाकत आणि टोकावर अंगठा दाबत. बांधकामावरच्या इंजिनिअरने एकदा लाल रेघ पाडणारे यंत्र आणून दाखवले, तेव्हा मिस्त्रींनी ते चारही बाजूंनी पाहिले, कौतुक केले आणि परत देताना म्हणाले, "छान आहे साहेब. फक्त याचा सेल संपतो. पाण्याचा सेल संपलेला मी अजून पाहिला नाही."

नळी भरण्याचे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यालाही कारण होते. त्यांच्या हाताखाली त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, नऊ वर्षे काम करत होता. पहिल्याच वर्षी त्याने भरलेल्या नळीत बोराएवढा बुडबुडा राहून गेला आणि एका दिवाणखान्याची फरशी दोन टोकांना आठ मिलिमीटरने चुकली. दोनपर्यंतची चूक मिस्त्री पोटात घालत; त्यापुढची फोडत. त्यांनी चार ओळी फोडल्या, मेहुण्याला एक शब्दही बोलले नाहीत, मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याला 'बुडबुड्या' म्हणू लागले. पुढे सगळे बांधकाम त्याला त्याच नावाने ओळखू लागले, आणि त्याची स्वतःची बायकोसुद्धा रागावली की तेच नाव घेई. मेहुण्याने चुकीचे समर्थन करायला तोंड उघडले, तर मिस्त्रींचे एकच उत्तर ठरलेले असे, "आकडा सांग. कारणं नकोत."

दुसरी शिस्त नळी ठेवण्याची. उन्हात पडलेली नळी कडक होते, धुरकटते आणि मग आतले पाणी नीट दिसत नाही. म्हणून रोज काम संपले की मेहुण्याने नळी गुंडाळायची, गोणपाट भिजवून पिळायचे, त्यात ती बांधायची आणि सावलीत ठेवायची; या बांधकामावर तळघरात, मोरीशेजारी. तो हे बिनचूक करत असे.

त्या तळघरात उंदीर झाले होते. शेजारच्या जागेतली जुनी गोदामे पाडल्यावर तिथली सारी वस्ती एका आठवड्यात इकडे सरकली. टाइलच्या खोक्यांतला पेंढा त्यांना आयता बिछाना झाला. वॉचमन म्हणे, "ताबा मिळायच्या आधीच राहायला आली ही मंडळी." खोक्यांवर, जमिनीवर, मोरीच्या कडेला त्यांच्या लेंड्या पडत, आणि मोरीतून वर येणाऱ्या शंख नसलेल्या गोगलगायी रात्री त्या लेंड्यांवर चरत. उजाडू लागले की त्यांना ओल आणि अंधार हवा असे. ओले गोणपाट त्यासाठी उत्तम होते, आणि गोणपाटातली नळी त्याहून उत्तम.

त्या सकाळी पहिल्या घोटाबरोबर मिस्त्रींच्या जिभेवर काहीतरी बुळबुळीत आले. नळीतले शेवाळ सुटले असेल असे समजून त्यांनी ते थुंकले. सगळे थुंकले, असे त्यांना वाटले. मग टोकावर अंगठा ठेवून त्यांनी नळी उजेडात धरली, शेवटपर्यंत निरखली आणि समाधानाने म्हणाले, "एकही नाही."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे डोके दुखू लागले. प्रथम उन्हावर ढकलले, मग चष्म्यावर. बायकोने तेल चोळायला घेतले, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. तिला वाटले, चिडले आहेत. खरे म्हणजे तिची बोटे त्यांना खिळ्यांसारखी लागत होती. दोन दिवसांनी त्यांना सदरा सोसेना. आंघोळीचे पाणी अंगावर घेतले आणि ते ओरडले, पाण्यात काच आहे म्हणून. बायकोने बादलीत कोपरापर्यंत हात घालून पाहिले. साधे कोमट पाणी होते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही झाले नाही. मान लाकडासारखी ताठ झाली, पाणीसुद्धा पोटात ठरेना, तेव्हा मेहुण्याने त्यांना रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेले. तिथे पाठीच्या मणक्यांमधून पाणी काढून तपासले. त्या पाण्यात एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होती, शरीरात जंत शिरले म्हणजे धावून येणाऱ्या पेशींची. उपचार करणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या आणि सरळ बोलत. त्यांनी बायकोला आणि मेहुण्याला बसवून समजावले. हा जंत मुळात उंदराच्या फुप्फुसात राहतो. त्याची पिले उंदराच्या लेंडीतून बाहेर पडतात, गोगलगाय ती लेंडी खाते आणि पिले तिच्या अंगात वाढतात. अशी गोगलगाय, किंवा तिचा बारीकसा तुकडा, माणसाच्या पोटात गेला तर ती पिले रस्ता चुकतात आणि मेंदूशी जाऊन पोचतात. माणसाच्या अंगात ती मोठी होऊ शकत नाहीत, तिथेच मरतात. त्यांच्या मरण्याने जी सूज येते तीच खरी घातक. नेमके औषध नाही. सूज उतरवायची, मणक्यातले पाणी काढून डोक्यावरचा दाब कमी करायचा आणि वाट पाहायची.

मग त्यांनी विचारले, की कच्चे काय खाल्ले? पालेभाजी, कोशिंबीर, न धुतलेले फळ? बाहेरचे पाणी? मिस्त्रींनी डोळे मिटूनच सांगितले, की कामावर ते घरची बाटली सोडून थेंबभरही पाणी पीत नाहीत. ते खोटे बोलत नव्हते. जे थुंकले ते प्यायले, असे त्यांनी आयुष्यात कधी मानले नव्हते.

उरली ती बायकोची चूल.

मिस्त्रींची थोरली बहीण भावाच्या आजारपणात राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी तिने ओट्यावरची पालेभाजीची जुडी उचलली, उलटीपालटी केली आणि शांतपणे विचारले, "ही धुतेस, की नुसतं पाणी दाखवतेस?"

"तीनदा धुते, वन्सं."

"मग माझ्या भावाच्या डोक्यात किडे काय विहिरीतून आले?"

बायकोने जुडी उचलून उकळत्या पाण्यात टाकली. त्या दिवसापासून ती सगळेच उकळू लागली. भाज्यांचा रंग जाईपर्यंत, फळांचा लगदा होईपर्यंत. एकदा तर तिने काकडी उकळली. चाकू, पाट, ताटे, सगळे कढत पाण्यातून काढी. तिच्या हातांची साले निघाली. मेहुणा जेवायला आला की ते बेचव जेवण मुकाट्याने गिळी आणि आपल्या बहिणीच्या हातांकडे बघे. एकदा त्याने, हे तुझ्याकडून झालेले नाही, असे म्हणून पाहिले. ती म्हणाली, "मग कोणाकडून झालं, ते सांग. नसेल सांगता येत तर जेव."

काम मात्र थांबवता येत नव्हते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बाकी होत्या, आणि मिस्त्री नसताना लेव्हल कोणीतरी लावायलाच हवी होती. मेहुणा तळघरात गेला. गोणपाट त्याने मिस्त्री आजारी पडल्यावरही सवयीने ओले ठेवले होते. त्याने नळी सोडली, एक टोक पिंपात घातले, दुसरे तोंडाशी नेले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. ओठ लागायच्या आत त्याला जुन्या बुडबुड्याची भीती वाटली. नळीत आधीच हवा-पाण्याचे तुकडे राहिले असतील, एकदा नळाला लावून धुऊन घ्यावी, मग भरावी, असे त्याने ठरवले. नळाचे पाणी सोडून त्याने दोन्ही टोके बंद केली आणि नळी दाराच्या उजेडात ताणून धरली.

मधोमध एक बुडबुडा होता. त्याने नळी तिरकी केली. हवा नेहमी वर जाते. हा वर गेला नाही. त्याने टिचकी मारली. करडा, बोटाच्या पेराएवढा तो ठिपका आधी आखडला, मग हळूहळू लांब झाला आणि काचेवरून सरकावा तसा नळीच्या आतल्या बाजूने सरकू लागला. त्याच्या मागे चकचकीत रेघ उमटत होती. तशा जुन्या रेघा नळीत आणखीही होत्या.

मेहुण्याने गोणपाट उलगडले. घडीघडीत गोगलगायी चिकटल्या होत्या. लहान-मोठ्या, एकमेकींना बिलगून.

त्याने नळी खाली ठेवली, साबणाने दोनदा हात धुतले आणि मग बाहेर येऊन भिंतीशी बसला. नऊ वर्षे रोज ते गोणपाट त्याने भिजवले होते. नळीला तोंड लावायला मात्र त्याला बंदी होती, आणि ती बंदी त्याने नऊ वर्षे अपमान म्हणून सोसली होती.

नळीचा हातभर तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून, डब्यात घालून त्याने इस्पितळात नेला. डॉक्टरांनी तो पाहिला, प्रयोगशाळेत पाठवला आणि म्हणाल्या, की प्रयोगशाळेचे उत्तर येईल तेव्हा येईल, परंतु उरलेली नळी आजच नष्ट करा आणि आणखी कोणी तोंड लावत असेल तर त्याला घेऊन या. कोणी लावत नाही, असे मेहुण्याने सांगितले.

मग तो खाटेशी गेला. मिस्त्रींच्या अंगावरची चादर त्यांना टेकू नये म्हणून तारांच्या कमानीवर ताणलेली होती. त्याने सगळे सांगितले; मोरी, उंदीर, गोणपाट, नळी. बायको आणि थोरली बहीण दोघी पायथ्याशी उभ्या होत्या. मिस्त्रींची बहीण ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. तिने भावजयीच्या सोललेल्या हातांकडे पाहिले आणि मान फिरवली. त्या संध्याकाळी घरी तिने भाजी स्वतः निवडली, स्वतः धुतली. बायकोने त्याहून अधिकाची अपेक्षा ठेवली नाही.

मिस्त्री छताकडे बघत होते. "मी थुंकायचो," ते म्हणाले.

"हो दाजी."

"गोणपाट ओलं ठेवायला मीच सांगितलं होतं."

मेहुण्याने कमानीवरून घसरलेली चादर पुन्हा ताणून बसवली.

"त्यात बुडबुडा नव्हता," मिस्त्री म्हणाले. "मी बघितलं होतं." आणि त्यांनी डोळे मिटले.

प्रयोगशाळेचे उत्तर आले; गोगलगायीत तेच जंत होते. तोवर मिस्त्रींच्या पाठीतून आणखी दोनदा पाणी काढून झाले होते. हळूहळू डोकेदुखी उतरली, मान वळू लागली, अन्न पोटात राहू लागले. ते घरी आले तेव्हा अंगावर फक्त हाडे होती, परंतु चालत आले. चादर सोसू लागली. उजवा हात तेवढा परका झाला होता. कधी तो बधिर असे, कधी मनगटापासून बोटांपर्यंत गरम वाळू भरल्यासारखा चरचरे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की मज्जातंतू जखमी झाला आहे. सहा महिन्यांत जेवढे परत येईल तेवढे आपले, त्यापुढे आशा कमी.

मिस्त्री घरात सराव करत. पिठाच्या डब्यात हात घालून पीठ मुठीत दाबत आणि सोडत. बायको विचारी, कळतं का? ते म्हणत, कळतंय. एकदा तिने न सांगता डब्यात पिठाऐवजी रवा ठेवला. ते रोजच्यासारखे मूठ दाबून म्हणाले, "आज बरं लागतंय." तिने डबा उचलून ठेवला आणि त्याबद्दल कोणाशी बोलली नाही.

सहा महिने उलटले. एप्रिलमध्ये ओळखीच्या एका दुमजली घरात न्हाणीघराची फरशी घालायची निघाली. दोन मीटर बाय दीड, एका कोपऱ्यात पाणी जायची जाळी. मिस्त्रींनी ते काम मागून घेतले. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोच्या आणि मेहुण्याच्या देखत सांगून टाकले, की हे न्हाणीघर जमले तर ते पुन्हा कामाला लागणार. नाही जमले, तर थापी मेहुण्याची. मेहुणा म्हणाला, की एवढ्यात कशाला, अजून दोन-चार महिने जाऊ देत. मिस्त्री म्हणाले, "दोन-चार महिन्यांनी हात काय नवीन फुटणार आहे?"

फरशी ज्या मालावर बसते, त्या सिमेंट-वाळूच्या मालात पाणी किती हे मिस्त्री कधी मोजत नसत. ते मूठभर माल घट्ट दाबत. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि तळहात नुसता दमट झाला पाहिजे. त्याहून कोरडा माल धरत नाही, त्याहून ओला माल नंतर खाली बसतो आणि फरशीला घेऊन बसतो. तीस वर्षे हे मोजमाप त्यांच्या हातात होते आणि एकदाही चुकले नव्हते.

त्या दिवशी मेहुण्याने माल कालवला आणि पुढे केला. मिस्त्रींनी मूठ भरली, दाबली. हातात चरचर झाली. कोरड्या, गरम वाळूची चरचर.

"पाणी घाल."

मेहुण्याने घातले. त्यांनी पुन्हा मूठ भरली.

"अजून."

"दाजी, पातळ होतोय."

"किती?"

पातळ आहे हे मेहुण्याच्या फावड्याला कळत होते, डोळ्यांना दिसत होते. पण ते किती, ते नऊ वर्षांत त्याला कोणी शिकवले नव्हते.

"आकडा असेल तर सांग," मिस्त्री म्हणाले. "नसेल तर पाणी घाल."

त्याने पाणी घातले.

मिस्त्रींनी दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशी लावली. दोरी ताणली, जाळीकडे उतार धरला, एकेक टाइल रबरी हातोडीने ठोकून दोरीला भिडवली. डोळे चोख होते, काटकोन तपासायचा गुनिया चोख होता, सांधे एका रेषेत होते. मेहुणा दारात उभा राहून टाइल देत होता. सांध्यांतून सिमेंटचे पाणी वर येताना त्याला दिसत होते; मिस्त्री ते फडक्याने टिपत आणि पुढची टाइल मागत. संध्याकाळी पट्टी लावून पाहिली, तर उतार बरोबर होता. मिस्त्रींनी थापी धुतली. घरी जाताना रस्त्यात ते काहीतरी गुणगुणत होते, आणि बायकोने कित्येक महिन्यांनी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला.

सकाळी दोघे गेले तेव्हा न्हाणीघरात अजून कोणी पाऊल टाकलेले नव्हते. फरशी सुंदर दिसत होती. मिस्त्रींची तपासणी ठरलेली: जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात हळूहळू बादलीभर पाणी सोडायचे आणि थांबायचे. पाणी सगळे जाळीत गेले पाहिजे. मागे राहिले, तर त्यात पोलादी पट्टी उभी करून खोली वाचायची.

मेहुण्याने बादली ओतली. पाणी पसरले, थोडे जाळीच्या दिशेने निघाले, मग थबकले. बादलीचे जे पाणी जाळीत गेले ते थोडेच. बाकीचे मागे फिरले आणि भिंतीच्या कडेला, लांबच्या कोपऱ्यात, जाऊन उभे राहिले. स्वच्छ, न हलणारे, खिडकीचा चौकोन दाखवणारे पाणी. रात्रीत माल बसला होता, जिथे जाड तिथे जास्त, आणि उतार उलटा झाला होता.

मिस्त्री दारातच उभे होते. त्यांनी उजवा हात खिशात घातला.

मेहुण्याने पट्टी काढली, कोपऱ्यात गुडघे टेकले आणि ती पाण्यात उभी धरली. वाचायला क्षणभर पुरे होते. त्याने बराच वेळ घेतला.

"दाजी, माल जरा..."

"बुडबुड्या," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. डाव्या हाताने त्यांनी कमरेची थापी काढली आणि उंबऱ्यावर, मेहुण्याच्या बाजूला, ठेवली. "आकडा सांग."

"सात मिलिमीटर."